बोगद्याचे वेगळे पैसे

(भर दुपारी, लाकडी खेळण्यांचं दुकान. काउंटरमागे कारागीर बाई. समोर नवरा-बायको आणि त्यांची दोन वर्षांची मुलगी, चिमी.)

कारागीर: ...आणि हा आगगाडीचा मधला संच. बारा रूळ, इंजिन, दोन डबे. रंग तोंडात गेला तरी काही होत नाही. चावू दे खुशाल.

नवरा: कितीला?

कारागीर: साडेआठशे.

नवरा: लाकडाचा आहे की सोन्याचा? हे बघा बाई, माझ्या खिशात पाचशे आहेत. पाचशे म्हणजे पाचशे.

बायको: मग तो साधाच घेऊ या ना, तो पहिला—

नवरा: तुला विचारलं मी?

बायको: नाही.

नवरा: मग?

कारागीर: पाचशेत बसतो एक. आठ रूळ, गोल फिरतात. इंजिन आणि एकच डबा. आणि डब्यांना चुंबक नाही, लाकडी आकडा आहे. चुंबकाची गाडी घेऊच नका हिला, सुटलं आणि गिळलं तर आतडी चिमटतात.

नवरा: ते राहू दे. टिकेल का? आधीची दोन दिवसांत फुटली. प्लास्टिकची होती.

कारागीर: पोरीने फोडली?

नवरा: पोरं फोडतातच.

बायको: हो. फोडतातच.

कारागीर: ताई, तुम्हाला विचारतेय, रंग कुठला देऊ? तांबडा की निळा? ताई?

बायको: अं? मावशी, या बाजूने बोला. त्या कानाने सध्या कमी येतं. सर्दी झालीय.

कारागीर: एकाच कानात सर्दी?

नवरा: तुम्ही इंजिनाचं बोला.

कारागीर: बोलते की. आमच्याकडे टिकाऊपणा तोंडाने सांगत नाहीत, आपटून दाखवतात. माझा बाप असाच विकायचा. हे इंजिन, ही दगडी फरशी. बघा हं. हे एक! हे दोन! आणि हे घ्या, तीन! टवका तरी उडालाय का?

नवरा: वा! दणका झकास बसतो की याचा.

कारागीर: अहो, पण पोर कुठे गेली?

बायको: इथेच आहे. काउंटरखाली.

कारागीर: आवाजाला दचकली वाटतं. ये गं बाळा, हे बघ, काही नाही झालं.

चिमी: शूऽ. बोदा.

कारागीर: काय म्हणते?

बायको: बोगदा. आमचा खेळ आहे तो.

चिमी: आई, ये. बोदा आला.

कारागीर: ताई, तुम्हीसुद्धा खाली बसलात की!

बायको: नाही, ते... चपलेचा पट्टा निघाला.

नवरा: ऊठ. दुकानात तमाशा नको.

कारागीर: बोगदा आवडतो होय तिला? आहे माझ्याकडे. संचात नाही तो, त्याचे वेगळे पैसे. दीडशे. पण हिच्यासाठी शंभरात देते.

नवरा: थांबा. बोगदा. तरीच म्हटलं. दोन महिने बघतोय, मी जरा बोलायला लागलो की ही कार्टी पलंगाखाली. मला वाटलं, उंदीर-बिंदीर शोधते. हे तू शिकवलंस होय?

बायको: खेळ आहे अहो. नुसता खेळ. गाडी बोगद्यात गेली की शिट्टी मारायची नाही, एवढंच.

नवरा: शिट्टी मारायची नाही म्हणजे रडायचं नाही. असंच ना? आणि मग मी कोण या खेळात? राक्षस?

बायको: तसं कुठे म्हटलं मी... हात सोडा. मावशी बघताहेत.

नवरा: बघू दे. स्वतःच्या बायकोचा हात धरलाय, शेजारणीचा नाही.

बायको: दुखतंय हो.

नवरा: दुखायलाच धरलाय. माझ्या पोरीला माझ्याविरुद्ध शिकवतेस? पट्टा निघाला काय! आणि सर्दी! सांग ना यांना, कुठली सर्दी ते.

कारागीर: ते कळलंय मला. प्लास्टिकची गाडी फुटली, ती कशावर तेही कळलं. तिचा हात सोड.

नवरा: म्हातारे, तू तुझी लाकडं विक.

कारागीर: तुला नाही विकायची.

नवरा: नको विकूस! हे घे तुझे रूळ! हे घे तुझे डबे! सगळी काचेची मांडणीच आडवी करतो थांब! आपटून विकते म्हणे!

बायको: अहो, काच! तिकडे चिमी आहे, काच उडतेय!

नवरा: चिमी! बाहेर ये. आत्ताच्या आत्ता बाहेर ये!

बायको: ती नाही येणार. मी 'उजेड' म्हटल्याशिवाय नाही येत ती.

नवरा: तिचा बाप सांगतोय! दे पाय इकडे. दे म्हणतो ना!

बायको: ओढू नका तिला! डोकं आपटेल तिचं!

नवरा: आपटू दे. आईसारखीच हट्टी आहे, आईसारखीच सरळ होईल.

बायको: सोडा तिला.

नवरा: हट बाजूला.

बायको: पाय सोड तिचा. सोड!

नवरा: आई गं! अगं... डोकं फोडलंस! रक्त आलं. हे बघ, रक्त येतंय! आणि तू? मला 'तू' म्हणालीस?

बायको: हो, तू. चार वर्षं 'अहो' म्हटलं. पुन्हा तिला हात लावलास तर याच इंजिनाने दात पाडीन तुझे. एक दणका बसलाय, अजून दोन बाकी आहेत. मावशींनी तीन मोजून दाखवलेत.

नवरा: जीव घेईन तुझा. इथेच घेईन.

कारागीर: एक पाऊल पुढे टाकून बघ. ही पटाशी आहे. सकाळी धार लावलीय, सागवान लोण्यासारखं कापते. मग तू कोण?

नवरा: दोन बायका मिळून मला भीती घालता?

कारागीर: हा माझा पंजा बघ. एक बोट करवतीने नेलंय. ते फडक्यात बांधून त्याच दिवशी बारा भोवरे पुरे केले मी. रक्ताचं मला काही कौतुक नाही, तुझ्याही नाही. आणि मागे शेडमध्ये चार गडी आहेत. हाक मारू?

नवरा: कर मजा. घरी येशीलच ना? घरी बघतो.

बायको: नाही येणार.

नवरा: कुठे जाशील? एक दमडी नाही तुझ्या हातात. कोण उभं करणार तुला?

बायको: नाही येणार म्हटलं ना. जा.

नवरा: पोलिसांना सांगेन, डोकं फोडलं म्हणून.

कारागीर: त्यांना मीच बोलावतेय. नंबर लावते आहे, बघ. थांबतोस का? जबाब द्यायला बरा पडशील.

नवरा: ...बघून घेईन. दोघींना.

कारागीर: दार ओढून जा. अंगात तेवढी तरी रीत असेल.

कारागीर: (पोलिसांशी बोलून, दारातून बघत) गेला. कोपऱ्यावरून वळला. शटर अर्धं खाली घेते, पोलीस येईपर्यंत.

बायको: शेडमधल्या माणसांना सांगा ना इथे पुढे थांबायला. परत आला तर?

कारागीर: कुठली माणसं? सगळे जेवायला गेलेत.

बायको: मावशी!

कारागीर: मग काय करू? त्याला काय, शेडमध्ये नेऊन दाखवणार होते? बस त्या स्टुलावर. आहे कोणी तुझं?

बायको: धाकटी बहीण आहे. दोन वर्षांत बोलू दिलं नाही तिच्याशी. नंबर पाठ आहे पण. रोज मनात म्हणायचे, विसरायला नको म्हणून.

कारागीर: घे, याच फोनवरून लाव. आधी ते इंजिन दे इकडे.

बायको: मूठ उघडत नाहीये माझी.

कारागीर: मग राहू दे. उघडेल आपोआप.

बायको: याचे पैसे... माझ्याकडे खरंच काही नाही हो. सगळं मोडलं तुमचं.

कारागीर: लाकूड आहे, चिकटतं. हे इंजिन मात्र पोरीला नको देऊस. पुसलं तरी नको. दुसरं देते. आणि ती अजून खालीच आहे, तिचं बघ आधी. केवढी गप्प बसलीय ती! रडलीसुद्धा नाही.

बायको: तसंच शिकवलं ना मी तिला. मीच शिकवलं.

कारागीर: त्या गप्प राहण्यानेच वाचली असेल. आता काय शिकवायचं ते बघ.

बायको: चिमे. ए चिमे. उजेड.

चिमी: बोदा संपला?

बायको: संपला. ये बाहेर. हळू, काच आहे. ये माझ्याकडे.

चिमी: शित्ती?

बायको: मार.

चिमी: ...कू.

बायको: मोठ्याने गं. इथे चालतं.