राजा-राणी तिरुवैयारूला गेले

नाही, पण मी म्हणतो, दोन दिवस... फक्त दोन दिवस उशिरा आली असती तर त्या कावेरीचं काय बिघडलं असतं हो? पेपरात आलं होतं, धरण अमुक तारखेला उघडणार. मी नकाशा घेतला, पट्टी घेतली, मैल मोजले, पाण्याचा वेग धरला (बी.ए.ला गणित होतं माझं!) आणि घरात जाहीर केलं, शनिवारी संध्याकाळी, त्याआधी पात्रात थेंब येणार नाही! अप्पा म्हणाले, "सदा, वाळूतली ती बाहुल्यांची जत्रा उचल. पाणी सोडलंय." मी म्हटलं, "अप्पा, शनिवारी." काठावरचा कलिंगडवाला ओरडला, "तंबी, तण्णी वरुदु!" म्हणजे बाळा, पाणी येतंय. त्यालाही मी शनिवारच सांगितला! तुम्हाला सांगतो, कुणी म्हटलं म्हणून मान डोलवायची, हे आपल्या रक्तातच नाही!

"बाहुल्या? एवढा घोडा झालाय आणि बाहुल्या?" आलं ना तुमच्या मनात? माझ्याही आलं होतं, म्हणून तर सोडल्या होत्या... थांबा, मुळापासून सांगतो.

आमच्या गल्लीच्या टोकाला गुरुमूर्तीमामा राहतात. मामा म्हणजे नात्यातले नव्हेत, अख्ख्या गल्लीचे मामा. ओटीवर बसून तंजावूरच्या त्या मान डोलवणाऱ्या बाहुल्या करतात. खाली मातीचं गोल जड बूड, वर कागदाच्या लगद्याचं पोकळ अंग आणि मुंडकं तारेवर टांगलेलं. ढकला, पडणार नाही. टिचकी मारा, मान डोलवणार. बाराव्या वर्षापासून दर मे महिन्यात मी त्यांच्याशेजारी बसून लगदा मळला, साचे भरले. मामा म्हणायचे, "सदा, तुझ्या बोटांत आहे रे." काय आहे ते कधी सांगितलं नाही, पण ऐकून मी दिवसभर जेवायला उठायचो नाही.

मग कॉलेज! भाषणं, देश, क्रांती... आणि अठ्ठावन साली वादविवाद स्पर्धा, विषय 'स्वतंत्र देशाचा नागरिक'. मी काय करावं? मामांकडून एक बाहुली मागून नेली, टेबलावर ठेवली, टिचकी मारली आणि इंग्रजीत गरजलो, "हा पाहा आपला नागरिक! साहेब म्हणाला, होय. बाप म्हणाला, होय. बूड जड, अंग पोकळ!" आणि मुंडकं धरून... फटकन उपटलं! टाळ्या! अहो, छप्पर उडालं! पहिलं बक्षीस!

आणि तिसऱ्या रांगेत, धुतलेलं उपरणं पांघरून, मामा. मीच बोलावलं होतं त्यांना. तेही टाळ्या वाजवत होते. इंग्रजी कुठे येतंय त्यांना? सभा संपल्यावर व्यासपीठाखाली वाकून त्यांनी ते मुंडकं शोधलं, उपरण्यात बांधलं आणि मलाच म्हणतात, "चुकलं रे माझं, तार ढिली राहिली. ऐन सभेत तुझी फजिती झाली. पण एवढ्या लोकांत आपल्या बाहुलीबद्दल बोललास! चांगलंच बोललास ना?"

आता इथे खरं बोलायचं की नाही? मी, पहिलं बक्षीसवाला, कुणापुढे मान न डोलवणारा...

डोलवली. आणि तीन वर्षं त्यांच्या ओटीवरून जाणं टाळलं, मागच्या बोळातून घरी यायचो.

यंदा आमच्या वत्सलाचं लग्न झालं. आता तिच्या सासरी पहिलं नवरात्र, पहिला कोलू. पायऱ्यांवर बाहुल्या मांडायच्या, त्यात राजा-राणी माहेरचेच हवेत. आई म्हणाली, "गुरुमूर्तींचे हात थरथरतात आता. ते म्हणाले, सदाला पाठवा, साचे देतो." मी म्हटलं, "बाजारातून आणा!" वत्सला म्हणाली, "दादा, बाजारात सगळं मिळतं. तू केलेलं मिळत नाही." झालं! गेलो. मामांनी नुसता पाट सरकवला. आणि काय सांगू, लगद्यात हात घातला आणि बोटांना सगळं आठवत होतं हो! मलाच लाज वाटली, बोटांना वाटेना.

तेव्हाच मी ठरवलं, राजा-राणी पुरे होऊ देत, मामांच्या हातात ठेवायचे आणि त्या भाषणात काय बोललो ते अक्षरन् अक्षर सांगायचं. म्हणजे बघा, ते नुसते राजा-राणी नव्हते, माझा कबुलीजबाब होता तो! ओला होता फक्त.

तर आम्ही दर उन्हाळ्यात अंबुजामावशीकडे तिरुवैयारूला जातो. आई, अप्पा, वत्सला, मी, चिंचेच्या भाताचा डबा, लोणच्याची बरणी आणि यंदा माझ्या मांडीवर, बसच्या प्रत्येक खड्ड्याला मान डोलवणारे राजा-राणी. कंडक्टर म्हणतो, "यांची तिकिटं?" अख्खी बस हसली! मी काय करणार? रंगाचा हात वाळायला हवा होता, आणि कावेरीच्या कोरड्या पात्रातल्या वाळूसारखा तवा दुसरीकडे कुठे मिळणार? मांडले वाळूत. डोळे तेवढे काढायचे राहिले होते. डोळे शेवटी काढतात.

गुरुवार होता. शनिवार नव्हे, गुरुवार! मी मावशीकडे दुसऱ्यांदा भात वाढून घेत होतो आणि बाहेर ढोल वाजले. धावलो. आणि पाहतो तर... वाळूवरून पाणी येत होतं. पुरासारखं नाही हो, जिभेसारखं. पुढे फेस, काटक्या, पाचोळा, आणि काठावर अख्खं गाव हात जोडून उभं! आई हळदकुंकू घेऊन, अप्पा नारळ घेऊन! मी ओरडलो, "शनिवारी!" पण नदीला गणित कुठे येतंय?

पाणी राजा-राणींपर्यंत आलं. मला वाटलं, विरघळले! पण नाही... पोकळ अंग ना, ते उचलले गेले. बूड जड ना, सरळ उभे राहिले! आणि निघाले की हो दोघं, जोडीनं, डोळ्यांशिवाय, लाटेगणिक मान डोलवत! मी गुडघाभर पाण्यात धावलो, वाळूत पाय रुतला, तोंडावर पडलो. वर बघतो तर वळणावर राणी बसली, मग राजा बसला... लगदाच तो. गेलं सगळं.

आणि काठावर काय चाललंय? "केवढी भक्ती! शिकलेला मुलगा, स्वतःच्या हातचे राजा-राणी नव्या पाण्याला अर्पण केले, वर साष्टांग नमस्कारही घातला!" एक आजोबा डोळे पुसतायत. आई अभिमानानं सगळ्यांना सांगतेय, "माझाच हो, बी.ए. आहे." अप्पा तेवढे माझ्याकडे रोखून बघत होते. हळूच म्हणाले, "अर्पण केलेस होय?"

आणि मी... हो, मान डोलवली. दुसऱ्यांदा.

तंजावूरला परत आलो तो तडक मामांकडे. म्हटलं, आता दोन्ही सांगायचं, भाषणही आणि शनिवारही! तोंड उघडतोय तोच मामांनी माझे हात धरले. बातमी आमच्या बसच्या आधी पोचली होती! म्हणाले, "चाळीस वर्षं बाहुल्या केल्या सदा, पण पहिलं चांगलं काम नदीला द्यायची छाती मला झाली नाही. मनापासून दिलेस ना रे?"

हात थरथरत होते हो त्यांचे. माझ्या हातांत.

मग त्यांनी फळीवरून काहीतरी काढलं. तीच ती, सभेतली! मुंडकं परत बसवलेलं, गळ्यावर नवा रंग. "ही ने वत्सलासाठी. तार अशी घट्ट केलीय, आता कुणी कितीही ओढू दे." आणि टिचकी मारली. बाहुलीनं मान डोलवली. मामा म्हणाले, "छान झालीय ना?"

तुम्हाला सांगतो, त्या बाहुलीला निदान टिचकी तरी लागते!