टोरंटोला पोचेपर्यंतचा केर

आमच्या सासूबाईंचं एक सांगते. घरातलं माणूस प्रवासाला निघालं की ते पोचेपर्यंत त्या घर झाडू देत नाहीत. जवळच्या बिडकीनपुरतं ते ठीक होतं, पण मी निघाले लेकीकडं टोरंटोला.

सासूबाईंनी विचारलं, "किती वेळ लागतो गं?"

"सतरा तास, आत्याबाई."

मी नुसता उडायचा वेळ सांगितला. मधे दुबईला थांबायचं सांगायचंच राहिलं, त्यात तिथलं विमान दुसऱ्या दिवसावर गेलं. टोरंटोला उतरून फोन लावला.

नवरा म्हणाला, "बरं झालं पोचलीस. पाहुणे येऊन गेले, तरी आई केरसुणीला हात लावू देत नाय."

मागून सासूबाईंनी विचारलं, "पोचली व्हय?"

मग केरसुणीचा आवाज आला. सगळं घर झाडून होईपर्यंत मी काही फोन ठेवला नाय.