वळसंगची बस

सोलापूरच्या स्टँडवर वळसंगची इलेक्ट्रिक बस सुटायची वेळ होऊनही उभीच होती. रांगेत राजश्रीच्या पुढं उभ्या असलेल्या बजाबाईंनी ड्रायव्हरला गाठलं. राजश्रीलाही घाई होती, पण ती ऐकत राहिली.

“बस का सोडंना, लेकरा? माझ्या धाकट्या भैनीची माती हाय.”

“आजी, मागचे टायर पार गुळगुळीत झालेत. मी न्हेणार न्हाय.”

“काल तर चालत हुती की.”

“काल ब्रेक दाबला तर घसरली. बॅटरीचं वजन लई, टायर लवकर झिजत्यात. नवे महाग पडतात म्हणून ठेकेदार चालढकल करतोय.”

“हळू ने की.”

“हळू नेली तरी फुटला तर? बस भरून माणसं हायत. दुसरी मागवलीय, तासाभरात येईल.”

“तवर तिला न्हेतील रं. तोंड बघायचं ऱ्हाईल.”

“फोन द्या, मी बोलतो.”

बजाबाईंनी पिशवीतला मोबाईल दिला. “भाच्याला लाव. सिद्धांत नाव हाय.”

“हॅलो, सिद्धांत? बसचा ड्रायव्हर बोलतोय. तुमच्या मावशीला माझ्यामुळं उशीर व्हतोय. त्या येईपर्यंत माती थांबवा... व्हय, थांबतो म्हणतोय, आजी.”

“उन्हात तर ठेवली न्हाय ना तिला? इचार.”

“लिंबाखाली हाय म्हणतोय.”

“मग बसते मी.”