कावळ्यांनी खाल्लेलं गाजर

हेल्का : थांबा, थांबा उक्की, ओइवाचे आजोबा ना तुम्ही? बाहेर ठेवलं म्हणजे नक्की कुठे ठेवलं?

एन्सिओ : व्हरांड्यात. बाकावर.

हेल्का : ओइवाचं सगळं खाणं? मी वाटून गोठवलेलं गाजर, बटाटा, पेअर, सगळं?

एन्सिओ : सगळे ट्रे. नीट एकावर एक रचून ठेवले होते. वर फडकंसुद्धा घातलं होतं.

हेल्का : पण का? फ्रीझरला काय धाड भरली होती?

एन्सिओ : एल्क हरणाचं मांस आलं ना. शिकारमंडळाने या वेळी आपल्याला मागचा अख्खा पाय दिला. तो कुठे ठेवणार? बाहेर उणे अठरा होतं. म्हटलं, एवढा मोठा फ्रीझर देवाने फुकट दिलाय.

हेल्का : आणि मग पाऊस पडला.

एन्सिओ : जानेवारीत पाऊस पडेल असं कुणाच्या स्वप्नात येईल? माझ्या तरी नाही आलं. सगळं विरघळलं. सकाळी बघतो तर बाकावर कावळ्यांची पंगत. एकाची चोच तर पार केशरी झाली होती.

हेल्का : हसू नका.

एन्सिओ : हसत नाहीये. माझं तोंडच असं आहे.

हेल्का : रिकु! अरे रिकु, इकडे ये. तुझ्या बाबांनी काय करून ठेवलंय बघ.

रिकु : हळू बोल, ओइवा नेहमीसारखा दुलईत गुंडाळून परसात बाबागाडीत झोपलाय. आत्ताच डोळा लागलाय त्याचा. ... कळलं मला ते. सकाळीच कळलं.

हेल्का : सकाळपासून माहीत होतं तुला? आणि गप्प बसलास?

रिकु : तू बॅग काढली होतीस माळ्यावरून. म्हटलं, मूड चांगला आहे, कशाला उगाच.

हेल्का : वा! बाप-लेक दोघेही सारखेच. परवा पहाटे माझं जहाज निघतंय, रिकु. तीन आठवडे मी बर्फ फोडत आखातात असणार. एक चूक झाली म्हणून इंजिन सोडून घरी पळत येता येत नाही मला. संध्याकाळी जहाजावरच्या चीफ इंजिनिअरला फोन करायचाय, येते की येत नाही. आणि पोराच्या तोंडात घालायला घरात घासभर काही नाही.

रिकु : घासभर काही नाही म्हणजे? बटाटे आहेत. गाजरं आहेत. तळघरात अर्धं पोतं आहे.

हेल्का : ते कुणी शिजवायचं?

रिकु : मी. माझी रजा कशासाठी आहे? टीव्ही बघायला?

हेल्का : तुला जमणार नाही. ते वाफवायचं, वाटायचं, मग गाळायचं. मी तीनदा गाळत होते.

एन्सिओ : तीनदा? इंजिनात घालायचं होतं का?

हेल्का : उक्की, तुम्ही आता काही बोलू नका हं. तुमचा नंबर अजून माझ्या यादीत वरच आहे.

एन्सिओ : बरं.

रिकु : हेल्का, कपातलं दूध तो माझ्याकडून घेतोच की. उपाशी राहणार नाही तो.

हेल्का : नुसत्या दुधावर भागायचे दिवस संपले, दवाखान्यातली बाई मागच्याच आठवड्यात म्हणाली ना? वाढ होतेय त्याची. आणि चमचा बघितला की तो तोंड असं फिरवतो, जसं काही मी त्याला डिझेल पाजतेय.

एन्सिओ : म्हणजे तुझ्या हातचंही तो खात नव्हताच.

रिकु : बाबा!

एन्सिओ : मला बोलू नका म्हणालीस म्हणून गप्प होतो. पण खरं ते खरं. पोरगं तुझ्या मांडीवर बसतं, दूध नाकापाशी. तिथे बसून बटाटा कोण खाईल? मी तरी नसता खाल्ला.

हेल्का : ... म्हणजे मी केलं ते सगळं फुकटच होतं.

रिकु : असं कोण म्हणतंय?

हेल्का : मला वाटलं होतं, मी नसले तरी रोज दुपारी माझ्या हातचं काहीतरी त्याच्या पोटात जाईल. आज पेअर, उद्या गाजर. मी तिकडे जहाजावर घड्याळ बघेन आणि म्हणेन, आत्ता माझं गाजर खात असेल. म्हणून ते करत बसले होते. आता हसा.

रिकु : नाही हसत. ये इकडे. ... ऐक. तो उठला वाटतं, मी त्याला आत आणतो. तू बाबांना घेऊन लाकडांच्या शेडमध्ये जा. सरपण आणा. आणि मी हाक मारेपर्यंत आत येऊ नकोस.

हेल्का : मला घराबाहेर काढतोयस?

रिकु : हो. तुझ्याच घरातून. जा.

(लाकडांच्या शेडमध्ये. घरातून रडण्याचा आवाज येतोय.)

हेल्का : फार रडतोय.

एन्सिओ : हं.

हेल्का : मी बघून येते.

एन्सिओ : ते लाकूड दे आधी. ते नाही, बर्चचं.

हेल्का : त्याने नक्कीच नुसतं काट्याने चेचलं असणार. गाठी राहिल्या असणार. घशात अडकलं म्हणजे?

एन्सिओ : रिकुला मी मासा नीट साफ करायला शिकवलंय, बटाटा चेचणं जमेल त्याला. आणि समोर बसलाय ना तो, डोळे आहेत त्याला.

हेल्का : तुम्हाला काय, तुम्ही शांतच असता. उक्की, तुम्ही हिवाळाभर रानात लाकूडतोडीला जायचात ना? रिकु लहान असताना?

एन्सिओ : जायचो.

हेल्का : परत आल्यावर ओळखायचा तुम्हाला?

एन्सिओ : नाही. आईच्या पायामागे लपायचा. डोकावून बघायचा, परत लपायचा.

हेल्का : मग? तुम्ही काय करायचात?

एन्सिओ : काही नाही. चुलीपाशी बसायचो, बूट काढायचो. संध्याकाळपर्यंत माझी मिशी ओढायला यायचा.

हेल्का : संध्याकाळपर्यंत.

एन्सिओ : एकदा दुसऱ्या दिवशी आला. तो दिवस सरता सरत नव्हता.

हेल्का : ... उक्की, आवाज थांबला.

एन्सिओ : हं.

हेल्का : का थांबला? झोपला का? दमून झोपला असेल.

एन्सिओ : जेवत असेल.

हेल्का : मग मला बरं का वाटत नाहीये? आनंद व्हायला हवा ना मला? इतके दिवस हेच तर मागत होते. आणि आता आत जाऊन रिकुच्या हातातला चमचा काढून घ्यावासा वाटतोय.

एन्सिओ : घेऊ नकोस.

हेल्का : नाही घेत.

एन्सिओ : रड हवं तर. इथे फक्त सरपण आहे.

हेल्का : तुम्हीही आहात.

एन्सिओ : मी काय, सरपणातलाच.

रिकु : हेल्का! या आता!

(घरात.)

हेल्का : खाल्लं का त्याने? आधी सांग, खाल्लं?

रिकु : बटाटा आणि गाजर, काट्याने चेचून, वर जरासं लोणी. अर्धी वाटी आत गेली. उरलेली माझ्या भुवयांवर आहे.

हेल्का : गाठी होत्या ना त्यात?

रिकु : होत्या. त्या गाठीच त्याला आवडल्या. हिरड्यांनी चावत बसला, गावच्या म्हाताऱ्यासारखा.

एन्सिओ : मी आहे इथे.

हेल्का : आणि... मला शोधत नव्हता?

रिकु : सुरुवातीला शोधत होता. दाराकडे बघून रडला. मग एक घास घेतला, पुन्हा दाराकडे बघितलं. दुसरा घेतला, पुन्हा दार. शेवटी शेवटी वाटीकडे बघायला लागला.

हेल्का : शेवटी शेवटी वाटीकडे.

रिकु : खोटं सांगायचं असतं तर दाराकडेच बघत होता म्हणालो असतो.

हेल्का : नाही, बरं केलंस. खरं सांगितलंस ते बरं केलंस. ... बघ ना त्याचं तोंड. कानापर्यंत गाजर.

रिकु : घे ना त्याला. तुझ्याकडे झेप घेतोय बघ.

हेल्का : घेते. आधी चीफला फोन करते, येतेय म्हणून. तोवर तुझ्याकडेच असू दे, आणि त्याचं तोंड पुसू नकोस, मला तसंच बघायचंय.