आमची बॅटरी ठणठणीत

— तर मी काय म्हणते, दादा, तिचं रडणं एवढं मनावर घेऊ नका. शिडी इथे लावा, हं, भिंतीला ओरखडा नको. शेजारी तिच्याकडे आलाच आहात तर म्हटलं आमचाही अलार्म बघून जा — चहा टाकलाय, फुकट राबवत नाही मी कुणाला! आता माझी धाकटी जाऊ पडली नाजूक — महिनाभर हिंडून काल परत आली, बघते तर कपाट सताड उघडं, बांगड्या गायब. सासूबाईंच्या होत्या. द्यायच्या थोरलीला, दिल्या हिला. का? तर हिचे हात गोरे! जाऊ दे, गेल्या त्या गेल्या — मी काय सांगत होते? हां, वीज. परवा दुपारी चार तास वीज नव्हती, चोरानं तेवढ्यात हात मारला, आणि अलार्म? मुका! वीज गेल्यावर तो ज्या बॅटरीवर चालायचा ती जागेवरच नाही. कप्पा रिकामा! ती लगेच म्हणाली, बसवणाऱ्यानं, म्हणजे तुम्ही, बॅटरी घातलीच नसेल — बरं, आधी मी म्हणाले, ती काय, होला हो करते. तुमच्या मालकांना तक्रारीचं पत्रसुद्धा मीच लिहून दिलं, तिचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. नोकरी जाईल म्हणता? अहो, हातात कसब असलेल्याला छप्पन्न नोकऱ्या!

आमचं बघा — यंत्र चार वर्षांचं, बॅटरी मूळची, अजून ठणठणीत! वस्तू सांभाळायलाही अक्कल लागते, दादा. मधे बॅटरी उतरल्यासारखी जरा कुईकुई करायची, दुपारची डुलकी म्हणून लागू देईना, आता कशी चिडीचूप आहे. काय केलं? काही नाही, फडक्यानं पुसली. रिकाम्या घरात कुईकुई झाली तरी ऐकायला असतं कोण? — तिकडे झाली असं नाही हं म्हणत मी, आपली बोलायची रीत. किल्ली होती माझ्याकडे, पण कुंड्यांना पाणी घालायला! बॅटरीला मी कशाला हात लावू — दोन तर वायरी, एक लाल एक काळी, ओढल्या की सुटतात, पण आपण नाही बाई त्या भानगडीत पडत.

बॅटरीवर काय वाचताय? काय लिहिलंय म्हणता? तारीख? बसवाल त्या प्रत्येक बॅटरीवर तुम्ही तारीख घालता? यंदाची — आणि खाली तुमची सही? मग आमच्याकडेही तुम्हीच आला असाल... नाही, तो टक्कल पडलेला होता. — हे बघा, चार दिवसांसाठी घेतली होती मी. परत ठेवणारच होते, पण ती दोन दिवस आधी टपकली! वीज परवाच जाणार हे काय मला स्वप्नात दिसलं होतं? अहो, फोटो कशाला काढताय? कुणाला पाठवताय? जाऊला नको — दादा, पत्र मागे घेते मी, ऐका तरी... पाठवला?

उतरा. शिडी उचला आणि निघा. कसला चहा? दूध नासलंय.