इटलीतले आजोबा

कानाच्या दवाखान्यात माइकवरून नंबर पुकारणाऱ्या बाईंचे कान समोरच्या बाकाकडे लागले होते. तिथे एक दुसरीतली मुलगी, तिची आई आणि दोघींच्या मध्ये गप्प बसलेले आजोबा.

“आई, आज इटालियनच्या तासाला कसली धमाल आली! इटलीत ना, सगळे आपल्या आजोबांसारखेच असतात!”

“म्हणजे कसे?”

“ऐकू न येणारे! म्हणून तर हातांनी बोलतात. टीचरनी शिकवलं.”

“अगं वेडाबाई, त्यांना चांगलं ऐकू येतं. पद्धतच आहे ती त्यांची.”

“ऐकू येतं? आणि तरी हातांनी बोलतात?”

“हो. हळू बोल जरा.”

“मग आपण का नाही बोलत? आजोबा, इकडे! पाची बोटं जुळवा. अशी. आता हात हलवा!”

“राणी, त्यांना ऐकू जात नाहीये.”

“ऐकायचं कुठंय? बघायचंय! बघ, जमलं त्यांना! याचा अर्थ, ‘काय चाललंय काय?’ आई, ते तुला विचारतायत!”

“काही नाही हो बाबा, घरी गेल्यावर सांगते.”

“आई, तू रोज हेच म्हणतेस! आणि घरी गेल्यावर सांगतच नाहीस. बघ, हात अजून तसाच आहे त्यांचा.”



पुढचा नंबर आजोबांचाच होता. बाईंनी माइक उचलला, परत खाली ठेवला आणि काचेमागून हात उंच करून त्यांना बोलावलं.

“आलो, आलो!”

आई उठायच्या आत आजोबा दारापाशी पोचलेसुद्धा.