पानफुटीचं पथ्य

— नाय, बसा की, उभे कशाला — पण औषध नाय मिळायचं. संपलं म्हणून नाय. दिसतेय ना तुमाला, पडवीच्या कडेला पानफुटी नुसती माजलीय, खोटं कशाला बोलू. मुरबाडवरनं आलात, दोन गाड्या बदलून, नारळ घेऊन आलात, सगळं कळतं मला. माझा बा चाळीस वर्षं मुतखड्याचं औषध देत होता — पैसा घेतला नाय कोणाचा, फक्त नारळ — आणि जाताना मला बोलला, कोंडू, नारळ घेऊन आलेल्याला परत पाठवायचा नाय. मी कधी पाठवला नाय. आज तुमाला पाठवतोय.

कळ येते का? पाठीतनं पोटात उतरते तशी? नाय ना. मग? लघवीची धार बारीक झालीय. थांबते, परत येते, आणि उठलात तरी वाटतं राहिलंय. हां. घरात सांगितलंय? नाय सांगितलं. कोण सांगतो — आमच्या नामादादानं पण नव्हतं सांगितलं. राहीवहिनीला कळलं ते लेंगे धुताना, आणि ती बिचारी आली माझ्याकडं, कारण घरातला औषधवाला मीच.

दिलं मी. सख्ख्या मोठ्या भावाला, या हातानं. रोज उपाशी पोटी दोन पानं, एकवीस दिवस — आणि पथ्य. आंबट नाय, वांगं नाय, आणि एकवीस दिवस अंगाला सुई लावायची नाय. सुई लागली का पानाचा गुण जातो, बा बोलायचा. का जातो, ते त्याला कोणी विचारलं नाय. मी पण नाय. आणि चौथ्या-पाचव्या दिवशी दादाला मोकळं झालं हो — किती खूश झालो मी, गावभर सांगत फिरलो.

बाराव्या दिवशी सापगावच्या शाळेत शिबिर लागलं. पन्नाशीच्या वरच्या बाप्यांचं रक्त घेत होते, त्या प्रोस्टेट ग्रंथीसाठी — लघवीच्या पिशवीखाली असते, सगळ्याच बाप्यांना असते, मला कुठं ठाऊक. दादा रांगेत उभा होता. बाही वर केलेली, पुढं फक्त दोन माणसं. मी गेलो आणि हात धरून त्याला बाहेर काढला. बारा दिवस झालेत, नऊ राहिलेत, सगळं फुकट घालवतोस का — बोललो. आणि तो आला. मोठा असून आला, बाही खाली करत. टेबलावरची पोरगी हाक मारत होती, आजोबा, एकच मिनिट लागेल. मी मागं वळून बघितलं पण नाय.

मग दीड वर्ष गेलं. कंबर धरली त्याची. आमी बोललो, भाताचे भारे उचलले म्हणून — तेल लावलं, शेक दिला. शेवटी पंकज, त्याचा पोरगा, आसनगाववरनं कल्याणला जातो कामाला, तो घेऊन गेला मोठ्या दवाखान्यात. मी पण गेलो. कॅन्सर हाडात उतरला होता. डॉक्टर तरणाच, रागावला नाय आमच्यावर — तेच जास्त लागलं. बोलला, नुसता त्या ग्रंथीत होता तेव्हाच कळला असता तर खूप काही करता आलं असतं, आता वाढू नये एवढंच बघायचं. कधीपासून त्रास होता, विचारलं त्यानं. दादानं माझ्याकडं बघितलं आणि बोलला, झाले दोन महिने.

खोटं बोलला. माझ्यासाठी.

त्या रांगेचं आजपर्यंत त्यानं कोणाला सांगितलं नाय. वहिनीला नाय, पंकजला नाय. तुमाला मी का सांगतोय, कोण जाणे. — हळू बोला. आता खोकला ऐकलात ना आतनं, तोच.

आणि डॉक्टर बोलला, सख्ख्या भावानं पण रक्त तपासून घ्यायचं, त्रास नसला तरी — सुरवातीला काहींना कळतच नाय म्हणे. पंकज घेऊन गेला मला शहापूरला गेल्या सोमवारी. रिपोर्ट त्याच्या फोनवर येणार होता दोन दिवसांत. आज आठ दिवस झाले. तो काय बोलत नाय. काल माझ्यासाठी सफरचंदं आणली — माझ्यासाठी, कधी आणली नव्हती. रक्तातला आकडा वाढलेला आला म्हंजे कॅन्सरच असंल असं नाय, ते पण डॉक्टरनं सांगितलंय, सगळं ठाऊक हाय मला. पण विचारायला तोंड उघडत नाय. तो येतो, मी म्हशीकडं निघून जातो.

तुमी जा. मुरबाडला सरकारी दवाखाना हाय, तिथं सांगा, लाजू नका, असं असं होतंय, आता मला सांगितलंत तसंच. मग ते सांगतील ती तपासणी करा. सुईला घाबरू नका. — असं नका बघू पानाकडं. दोन पानांनी काय बिघडतंय, असंच ना? दादा पण तेच बोलतो. अजून मागतो तो. रोज सकाळी हात पुढं करतो, बोलतो, कोंडू, तुझ्या पानानंच मला तेव्हा बरं वाटलं होतं. आणि मी देतो. काय करू, त्याला नाय म्हणायला मला तोंड नाय.

तुमाला मात्र नाय म्हणता येतं मला. उचला तो नारळ. उठा, गाडी जाईल.